‘एक्झाम रेज’चं बटण

चालत्या प्रोग्रामची रजिस्टरं, म्हणजे प्रोसेसरमधल्या आकडे ठेवायच्या जागा, चालता चालता वाचता येत नाहीत. आधी प्रोग्राम थांबवायचा, प्रोसेसरमधले आकडे मेमरीत एका जागी उतरवून ठेवायचे, आणि मग ती जागा वाचायची. डीबगर, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका शोधायचं साधन, दाखवतो ती ही उतरवलेली नोंद. आपण आकडा बदलला तर बदलते तीही नोंदच. प्रोग्राम पुन्हा सुरू होताना ती प्रोसेसरमध्ये परत भरली जाते, तेव्हा कुठे बदल खरा होतो. मुंबईतल्या एका तंत्रनिकेतनात मायक्रोप्रोसेसर लॅबचा इन्स्ट्रक्टर म्हणून माझी सगळी नोकरी झाली. मुलांना जे काही शिकवलं त्यात मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं, आणि ते या शहरात कोणत्या वाटेने आलं ते लिहून ठेवावंसं वाटतं.

वाट कुलाब्याहून निघते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने स्वतः बांधलेला संगणक १९६० साली पूर्ण आकारात चालू झाला. सुमारे २७०० व्हॉल्व्ह, आणि ४० बिटांचे २०४८ शब्द मावतील एवढी फेराइट कोअरची मेमरी. १९६२च्या जानेवारीत पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिलं. प्रोग्राम शून्य-एकच्या भाषेत लिहायचा आणि कागदी फितीवरून आत द्यायचा. यंत्रावर हुकमत ठेवायला हाताने चालवायचा कन्सोल. त्या पिढीच्या यंत्रांत रजिस्टर म्हणजे डोळ्यांना दिसणारी वस्तू होती. एका बिटाला एक सर्किट, सर्किटातून बाहेर आणलेली तार, आणि कित्येक यंत्रांवर त्या तारेच्या टोकाला दिवा. यंत्र थांबवलं की अक्युम्युलेटरमधला आकडा समोर दिव्यांच्या ओळीत उभा. इथे खरोखरच रजिस्टर दिसत होतं, नोंदीची गरज नव्हती. पण त्यासाठी अख्खं यंत्र एका माणसासाठी थांबवावं लागे.

हे परवडणारं नाही हे केंब्रिजमध्ये आधीच लक्षात आलं होतं. तिथल्या एडसॅक या संगणकावर काम करणाऱ्या स्टॅन्ले गिल यांनी १९५१ साली प्रोग्राममधल्या चुकांच्या निदानावर शोधनिबंध लिहिला. कन्सोलपाशी उभं राहून एकेक हुकूम चालवत बसण्यापेक्षा दुसराच एक प्रोग्राम लिहा. तो मूळ प्रोग्रामचा एकेक हुकूम उचलेल, पार पाडेल आणि काय घडलं ते छापेल, अशी ती कल्पना. प्रोग्रामवर प्रोग्रामची नजर. आजचे सगळे डीबगर याच वंशातले आहेत असं मी मानतो.

१९६४ साली कुलाब्याला सीडीसी ३६०० आला आणि पुढच्या वर्षी टिफ्रॅक बंद झाला. नवं यंत्र वेगवान, ४८ बिटांचं, आणि देशभरातून कामं घेणारं. आता प्रोग्राम लिहिणाऱ्याने कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि नंतर कागद घ्यायला यायचं. प्रोग्राम मेला तर मेमरीचा छापील उतारा हाती पडायचा, त्यात जे सापडेल ते शोधायचं. माणूस आणि रजिस्टर यांची ताटातूट झाली ती इथे.

माझे वडील तेव्हा गिरणीत साळखात्यात होते. आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीत, १६० चौरस फुटांच्या खोलीत राहायचो. साच्यावर बाण्याची तार तुटली की साचा आपोआप थांबायचा. धोटा कुठे आहे, तार कुठे सुटली, ते त्या थांबलेल्या साच्यावर वडील बघायचे आणि तार जोडून साचा पुन्हा सुरू करायचे. ब्रेकपॉइंट मुलांना समजावताना मला याहून चांगलं उदाहरण सापडलं नाही. गिरण्यांच्या संपानंतरच्या वर्षांत माझ्यासमोर बसणारी बरीच मुलं गिरणी कामगारांच्याच घरांतली होती. त्यांना एका वाक्यात समजायचं.

तोवर इंटेलचा ८०८५ आला होता आणि अभ्यासक्रमात पक्का बसला होता. रमेश गावकर यांचं त्यावरचं पुस्तक प्रत्येक वर्गात. लॅबमध्ये किट असायची ती बहुतेक इंटेलच्या एसडीके-८५च्या वळणावर बनवलेली. एका प्लेटवर कीपॅड, सहा लाल आकड्यांचा डिस्प्ले, मूळ एसडीके-८५वर २५६ बाइटांची रॅम आणि किट चालवणारा दोन किलोबाइटांचा मॉनिटर प्रोग्राम. बटणांवर अक्षरं: रीसेट, गो, सिंगल स्टेप, सब्स्टिट्यूट मेमरी, आणि ‘एक्झाम रेज’. ते दाबून मग ‘ए’ दाबलं की डावीकडे ए आणि उजवीकडे त्यातले दोन हेक्स आकडे. ‘नेक्स्ट’ दाबत गेलं की बी, सी, डी, ई, फ्लॅग, इंटरप्ट मास्क, एच, एल, मग स्टॅक पॉइंटर आणि प्रोग्राम काउंटर.

मुलांना वाटायचं, बटण दाबल्यावर किट चिपच्या पोटात डोकावतं. ८०८५ला ४० पाय आहेत, पण त्यातला एकही पाय ए रजिस्टरचा नाही. आतले आकडे बाहेर काढायचे तर प्रोसेसरनेच हुकूम पाळून ते मेमरीत ठेवायला हवेत. आणि अडचण अशी की ते हुकूम पाळायलाही रजिस्टरंच लागतात.

मॉनिटरचं लिस्टिंग मी मुलांना इथे ओळीने वाचायला लावायचो. प्रोग्रामच्या शेवटी ‘सीएफ’ हा ओपकोड, म्हणजे आरएसटी १. प्रोसेसर पुढच्या हुकमाचा पत्ता स्टॅकवर टाकून ०००८ला उडी मारतो. तिथे पहिलाच हुकूम एच-एलची जोडी मेमरीत ठेवण्याचा. ती आधी का? कारण पुढची सगळी ने-आण एच-एलमधूनच करायची आहे. आधी ती मोकळी झाली पाहिजे. मग स्टॅकवरचा पत्ता एच-एलमध्ये काढायचा आणि ठेवायचा: हा झाला प्रोग्राम काउंटर. नंतर ए आणि फ्लॅग. नंतर स्टॅक पॉइंटर. ८०८५मध्ये स्टॅक पॉइंटर थेट वाचायचा हुकूमच नाही; एच-एलमध्ये शून्य भरून त्यात तो मिळवावा लागतो. पण त्या बेरजेने कॅरी फ्लॅग बदलतो. म्हणून फ्लॅग त्याच्या आधी सुरक्षित ठेवलेले. शेवटी बी-सी आणि डी-ई.

या क्रमातली एक ओळ पुढेमागे केली तर मुलाला खोटा आकडा दिसेल, आणि तो खोटा आहे हे त्याला कधीच कळणार नाही. मॉनिटर लिहिणाऱ्याचा एवढा बारीक विचार मला आजही थक्क करतो. व्हायवाला मी हमखास विचारायचो, फ्लॅग स्टॅक पॉइंटरच्या आधी का ठेवले? ज्याला सांगता येई त्याच्या जर्नलवर सही करताना मला फार बरं वाटायचं.

सीएफऐवजी कुणी एचएलटी लिहिलं तर प्रोसेसर जागीच थांबायचा आणि मॉनिटरकडे ताबाच यायचा नाही. मग रीसेट. रीसेटने मॉनिटर पहिल्यापासून सुरू होतो, ०००८च्या त्या ओळींमधून जात नाही. त्यामुळे ‘एक्झाम रेज’मध्ये मागचेच शिळे आकडे. स्टॅक पॉइंटर रॅमच्या बाहेर गेला असेल तर आणखी वाईट: आरएसटीने टाकलेला पत्ता कुठेच टिकत नाही आणि प्रोग्राम काउंटर भलताच दिसतो.

सिंगल स्टेपची युक्ती तर मला सुंदरच वाटते. ८१५५ या चिपमधला टायमर बरोबर मोजून लावायचा, की मुलाच्या प्रोग्रामचा एक हुकूम सुरू झाला रे झाला की ट्रॅपचा इंटरप्ट पडावा. प्रोसेसर हातातला हुकूम पुरा करतो, मग ट्रॅप घेतो. एकच हुकूम चालतो आणि पुन्हा सगळी नोंद.

आणि लिहिणं. ए मध्ये ०० असेल तेव्हा प्रोग्राम कुठल्या वाटेने जातो ते पाहायचं आहे? ‘एक्झाम रेज’ने ए मध्ये ०० भरा, गो करा. मधेच ब्रेकपॉइंट हवा असेल तर मुलं २००अ या पत्त्यावरचा मूळ बाइट कागदावर टिपून तिथे सीएफ घालत. थांबल्यावर प्रोग्राम काउंटर २००ब दाखवी, कारण सीएफचा एक बाइट पुढे गेलेला. मूळ बाइट परत घालायचा, काउंटर हाताने एकाने मागे आणायचा, मग गो.

पावसाळ्यात ही किट हमखास आजारी पडत. वरळीच्या खाऱ्या हवेत सॉकेटमधले आयसीचे पाय काळे पडतात, हे मी घरी आणलेल्या किटवर पुष्कळ पाहिलं. रॅमचा एक पाय नीट टेकला नाही की नोंदीतला एक बिट पडतो. हिशेब बरोबर, रजिस्टर बरोबर, आणि डिस्प्लेवर चूक. तेव्हा बाकीचं काहीही न करता त्या मेमरीच्या जागी हाताने आकडे लिहून परत वाचायचे. रॅमच गेली असेल तर नवी लॅमिंग्टन रोडला मिळायची.

चाळीत वरच्या मजल्यावरचा एक मुलगा हल्ली लॅपटॉप घेऊन येतो. ‘काका, जीडीबी कळत नाही.’ जीडीबी हा डीबगर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिला. तो लिनक्सवर पीट्रेस या ज्या सिस्टिम कॉलच्या आधाराने चालतो तो युनिक्समध्ये १९७५च्या सहाव्या आवृत्तीपासून आहे. मी त्याला पहिल्यांदा मॉनिटरचं लिस्टिंग दाखवलं. मग सांगितलं, इथे मॉनिटरच्या जागी कर्नल आहे. प्रोग्राम कर्नलमध्ये शिरताना त्याची रजिस्टरं कर्नलच्या स्टॅकवर उतरवली जातात. डीबगर हा वेगळा प्रोग्राम. तो कर्नलला विचारतो, कर्नल थांबलेल्या प्रोग्रामची ती नोंद त्याला देतो आणि बदललेली परत घेतो. सीएफच्या जागी इथे ‘सीसी’ हा बाइट. आणि काउंटर एकाने मागे आणायचं काम? ‘ते जीडीबी स्वतः करतो,’ त्यानेच शोधून सांगितलं.

एक फरक मात्र त्याला झोंबला. फ्लॅगच्या रजिस्टरमध्ये इंटरप्ट चालू ठेवणारा बिट आहे. त्याने तो शून्य केला, पुन्हा वाचला, बिट जसाच्या तसा. किटवर तर तुम्ही इंटरप्ट मास्कही हवा तसा लिहू शकता, मग इथे का नाही? किट एकाच माणसाचं होतं, मी म्हटलं. इथे इंटरप्ट बंद झाले तर टायमरही कर्नलपर्यंत पोचणार नाही, तो प्रोसेसर त्या एका प्रोग्रामच्या ताब्यातून सुटणारच नाही. म्हणून कर्नल तुझी नोंद जशीच्या तशी घेत नाही. ठरावीक फ्लॅगच उचलतो आणि बाकीचे स्वतःचे ठेवतो. त्याला पुरावा हवा होता. दुसऱ्या दिवशी कर्नलच्या सोर्समधली ती मास्कची ओळ त्याने काढून आणली. आता तो रजिस्टरं उतरवून ठेवणारी असेंब्ली वाचतोय, शेजारी ८०८५चं लिस्टिंग ठेवून, आणि कुठलं रजिस्टर आधी ठेवलंय, का ठेवलंय, हे ओळीओळीला मला विचारतोय.