ऑस्बोर्न हाउस

ऑस्बोर्न हाउस हा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यासमोरील वाइट बेटावर, ईस्ट काउझ या गावाजवळ असलेला भूतपूर्व राजनिवास आहे. व्हिक्टोरिया राणी आणि तिचे पती प्रिन्स आल्बर्ट यांनी १८४५ ते १८५१ या काळात तो बांधून घेतला. दरबारी शिष्टाचारापासून दूर असे कुटुंबाचे खासगी घर असावे, हा त्यामागील हेतू होता. तथापि पुढील अर्धशतकात साम्राज्याचा थाट याही घरात शिरला. वास्तूच्या रचनेत आणि सजावटीत या दोन्हींच्या खुणा दिसतात.

पार्श्वभूमी

बकिंगहॅम राजवाडा व विंडसरचा किल्ला ही राजपदाची मालमत्ता होती, तर ब्रायटनच्या राजवाड्याभोवती लोकवस्ती दाटली होती. त्यामुळे राजदांपत्याने १८४५ मध्ये ऑस्बोर्नची जमीन स्वतःच्या पैशांतून खरेदी केली. तेथील जुने घर अपुरे असल्याने ते पाडण्यात आले. नव्या घराचा आराखडा आल्बर्ट आणि लंडनचे प्रसिद्ध बांधकाम कंत्राटदार टॉमस क्युबिट यांनी मिळून तयार केला.

वास्तुशैली

घराची शैली इटलीतील प्रबोधनकालीन प्रासादांवर आधारलेली आहे. समोरील सॉलंट सामुद्रधुनी पाहून आल्बर्ट यांना नेपल्सच्या उपसागराची आठवण होत असे. भिंती विटांच्या असून त्यांवर दगडाचा भास निर्माण करणारा सिमेंटचा गिलावा आहे. दोन उंच मनोऱ्यांपैकी एकावर घड्याळ असून दुसरा ध्वजासाठी आहे. राजकुटुंबाचा ‘पॅव्हिलियन’ हा भाग १८४६ मध्ये पूर्ण झाला. मानकरी व पाहुण्यांसाठीचे भाग त्यानंतर बांधले गेले. पुतळ्यांनी सजवलेला व मिंटन फरशांचा लांब मार्ग या भागांना जोडतो.

अंतर्भाग

पॅव्हिलियनच्या तळमजल्यावर जिन्याभोवती भोजनकक्ष, दिवाणखाना आणि बिलियर्ड कक्ष आहेत. शेवटच्या दोन दालनांमध्ये भिंतीऐवजी केवळ स्तंभ आहेत. राणीसमोर बसण्यास दरबाऱ्यांना मुभा नसे; परंतु बिलियर्ड कक्षात ते तिच्या दृष्टीआड असल्याने त्यांना बसता येई. अशा प्रकारे शिष्टाचार न मोडता तो सैल करण्याची सोय रचनेतच झाली होती. जिन्यावरील भित्तिचित्र विल्यम डाइस यांचे आहे. समुद्रदेव नेपच्यून ब्रिटानियाकडे समुद्राचे स्वामित्व सोपवतो, असा त्याचा विषय आहे. वरच्या मजल्यावर राणीच्या बैठकीच्या खोलीत पती-पत्नीची लेखनमेजे शेजारीशेजारी मांडलेली आहेत.

दरबार कक्ष

१८७६ मध्ये व्हिक्टोरियाने ‘भारताची सम्राज्ञी’ हा किताब धारण केला. पुढे मोठ्या मेजवान्यांसाठी १८९०–९१ मध्ये नवा भाग बांधण्यात आला. त्यातील दरबार कक्षाच्या सजावटीत जॉन लॉकवुड किपलिंग आणि लाहोरच्या मेयो कलाशाळेतील त्यांचे शिष्य भाई राम सिंग यांचा प्रमुख वाटा होता. लाहोरला जाण्यापूर्वी किपलिंग यांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत अध्यापन केले होते. भिंती व छत यांवरील दाट नक्षी लाकडात कोरलेली वाटते. प्रत्यक्षात तिचा बराच भाग गिलाव्याचा आहे. शेकोटीच्या वर भव्य मोर आहे. जवळच्या मार्गात रुडॉल्फ स्वोबोडा यांनी रंगवलेली भारतीय व्यक्तींची चित्रे आहेत. त्यांत सामान्य कारागीरही दिसतात. स्वतः व्हिक्टोरिया मात्र भारतात कधीही आली नाही.

नंतरचा काळ

१८६१ मध्ये आल्बर्ट यांच्या निधनानंतर राणीने त्यांच्या खोल्या होत्या तशाच ठेवल्या. २२ जानेवारी १९०१ रोजी तिचे निधन याच घरात झाले. वारस सातवे एडवर्ड यांनी १९०२ मध्ये ही वास्तू राष्ट्राला दिली. १९०३ ते १९२१ या काळात आवारात नौदलाचे प्रशिक्षण महाविद्यालय होते, तर घराचा काही भाग आजारी अधिकाऱ्यांच्या विश्रांतीसाठी वापरला गेला. राणीच्या खासगी खोल्या १९५४ पासून जनतेस पाहता येऊ लागल्या. सध्या ‘इंग्लिश हेरिटेज’ ही संस्था या वास्तूची देखभाल करते.