‘मिलो’ : एका लुप्त शिधाधान्याच्या कोशनोंदीविषयी

नांदेड-लातूर भागातील सत्तरीच्या पुढील कोणाही शेतकऱ्यापाशी १९७२ च्या दुष्काळाचा विषय काढला की दोन शब्द हटकून कानी पडतात : ‘सुकडी’ आणि ‘मिलो’. सुकडी हा दुष्काळी कामांवर वाटला जाणारा कोरडा पूरक आहार होय. त्याची नोंद स्वतंत्रपणेच व्हावयास हवी, कारण गुजरातीतील ‘सुखडी’ या मिष्टान्नाशी त्याची गल्लत सहज होते. प्रस्तुत लेखाचा विषय मिलो हा आहे. रेशनच्या दुकानांतून लक्षावधी कुटुंबांच्या चुलीपर्यंत पोहोचलेले व पुढे त्या दुकानांतून नाहीसे झालेले हे धान्य ज्ञानकोशात कोणत्या स्वरूपात नोंदले जावे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. वस्तुतः तो इतिहासलेखनाचा प्रश्न आहे.

या नावाखाली शोध घेणाऱ्या जिज्ञासूस प्रथम भेटते ते १९३४ साली ऑस्ट्रेलियात बाजारात आलेले नेस्ले कंपनीचे ‘मायलो’ हे पेय. ते बाजूस सारले तर मिलो हा ज्वारीचाच एक गट होय, एवढे वनस्पतिशास्त्रीय विधान उरते. ते खरे आहे. आपली शाळू आणि अमेरिकेतील मिलो या एकाच जातीच्या वनस्पती आहेत. परंतु मराठवाड्यातील माणसास ‘मिलो म्हणजे ज्वारी’ असे सांगून पाहावे. तो हे मान्य करणार नाही. त्याच्या दृष्टीने ज्वारी पांढरी असते, तिचे पीठ गरम पाण्यात मळले की चिकटून येते व भाकरी तव्यावर फुगते. मिलो लाल होता. त्याची भाकरी थापताना चिरत असे व निवल्यावर कडक होत असे, अशी आठवण जुनी माणसे सांगतात. शास्त्राने एक मानलेल्या दोन वस्तू लोकांनी भिन्न मानल्या, ही गोष्ट नोंदीत आली नाही तर नोंद अपुरी ठरते.

‘अमेरिकेतील जनावरांचे खाद्य आम्हांस घातले’ ही तक्रारही नोंदीत यावयास हवी. मात्र तिची छाननी करूनच. टेक्सास, कॅन्सस आदी राज्यांत यंत्राने कापणी करता यावी म्हणून बुटक्या केलेल्या या ज्वारीचा तेथील मुख्य उपयोग पशुखाद्य म्हणून होतो, हे निर्विवाद आहे. तथापि त्यावरून ती मनुष्यास अखाद्य ठरत नाही. आफ्रिकेत व आपल्याकडे ज्वारी हे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न आहे. लोकांना बोचले ते पोषणमूल्य नव्हे. बोचला तो मान.

सर्वांत मोठी दुरुस्ती हवी ती काळाविषयी. बोलण्यात आणि कित्येकदा लेखनातही १९७२-७३ चा मिलो सरसकट ‘पी. एल. ४८०’ च्या खाती घातला जातो. अमेरिकेचा हा कायदा १९५४ चा असून त्याखालील भारताशी पहिला करार १९५६ साली झाला. या योजनेतील बहुतेक धान्य रुपयांत किंमत चुकवून मिळत असे. तेव्हा त्यास निव्वळ ‘मदत’ म्हणणेही सैलच होय. १९६५ ते ६७ च्या अवर्षणकाळात या योजनेखाली गव्हाबरोबर मिलोही आला. परंतु सवलतीची ही आयात १९७१ च्या अखेरीस थांबली होती. १९७२ च्या उत्तरार्धात पाऊस गेला असता भारताने जे धान्य विकत घेतले ते परकीय चलन मोजून. आणि सोव्हिएत रशियाने त्याच वर्षी अमेरिकन गव्हाची प्रचंड खरेदी केल्यामुळे जागतिक भाव चढलेले असताना. म्हणजे एकाच शब्दामागे दोन निरनिराळ्या आयाती आहेत आणि लोकस्मृतीने त्या एकत्र केल्या आहेत. पहिल्या खेपेची मानहानी दुसऱ्या खेपेस चिकटली, असे म्हणता येईल. चांगल्या नोंदीने या दोहोंची फारकत केलीच पाहिजे.

दुष्काळाच्या व्याप्तीविषयी मुद्रित साधने उपलब्ध आहेत. लाडेजिन्स्की यांचा ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’तील १९७३ चा लेख, व्ही. सुब्रमण्यन यांचा १९७५ चा ग्रंथ आणि पुढे ज्याँ द्रेझ यांनी केलेले विवेचन ही प्रमुख होत. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या जवळपास गेली होती. या साधनांचा भर रोजगार, मजुरी व धान्यपुरवठा यांवर आहे. घरच्या परातीत त्या धान्याचे काय झाले, याविषयी त्यांतून फारसे हाती लागत नाही. येथे एक व्यावहारिक सूचना करतो. लातूर जिल्हा १९८२ साली अस्तित्वात आला. तेव्हा १९७२ ची लातूर, उदगीर, औसा, निलंगा व अहमदपूर येथील कागदपत्रे शोधणाऱ्या विद्यार्थ्याने उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्याची दप्तरे पाहिली पाहिजेत. अन्यथा ‘लातूर’ या नावाखाली काही सापडत नाही म्हणून तो रिकाम्या हाताने परतेल.

आणखी एक धागा कोशकारांच्या ध्यानी येत नाही. मिलो केवळ पोत्यांतून आला नाही, बियाण्यातूनही आला. १९५४ साली टेक्सासमध्ये स्टीफन्स व हॉलंड यांनी मिलो व काफिर या दोन गटांच्या संकरातून नरवंध्य ज्वारी मिळविली. तिच्यामुळे संकरित ज्वारीचे बी मोठ्या प्रमाणावर तयार करणे शक्य झाले. भारतात १९६४ साली प्रसृत झालेल्या ‘सीएसएच-१’ या पहिल्या संकरित वाणाची मादी याच अमेरिकन वंशाची होती, आणि तिच्या पेशीद्रव्याचे मूळ मिलोत होते. ज्या शेतकऱ्याने रेशनच्या मिलोस नाक मुरडले, त्याच्याच शेतात ‘हायब्रीड’ या नावाने मिलोचा अंश उभा होता! त्या हायब्रीडच्या भाकरीविषयीही तक्रारी कमी नव्हत्या. आज लातूर-नांदेडच्या खरिपात सोयाबीनने ज्वारीची जागा व्यापल्यामुळे, मिलोची तुलना ज्या भाकरीशी केली जाई ती भाकरीच तरुण वाचकास नोंदीत समजावून द्यावी लागेल.

प्रश्न उरतो तो साक्षीपुराव्याचा. ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ मिलोच्या कितीतरी आधीचा. ‘मराठी विश्वकोशा’चा पहिला खंड १९७६ साली निघाला, त्या वेळी ही घटना इतकी ताजी होती की तिला इतिहास म्हणणे कोणास सुचण्यासारखे नव्हते. २००३ पासून चालू असलेला मराठी विकिपीडिया प्रत्येक विधानास प्रसिद्ध झालेला आधार मागतो; आजीने सांगितले, एवढे तेथे पुरत नाही. हा नियम योग्यच आहे. परंतु त्याचा परिणाम असा की ज्या बायकांनी खडी फोडून आल्यावर रात्री तो मिलो दळला व थापला, त्यांचे ज्ञान मुद्रित होत नाही तोवर कोशाच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. १९७२ साली विशीत असलेली स्त्री आज सत्तरी ओलांडून गेली आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी जाऊन, दिनांक व स्थळ नमूद करून, अशा मुलाखती घ्याव्यात व विभागाच्या पत्रिकेत त्या छापून याव्यात, म्हणजे नोंदकारास उद्धृत करण्याजोगा आधार मिळेल. प्रश्न साधेच असावेत : शिधापत्रिकेवर दर माणशी किती मिळे, त्यात गहू किंवा घरची ज्वारी मिसळत काय, भाकरी जमत नसे तेव्हा कण्या, घुगऱ्या की आंबील केली जाई, कोणाच्या घरी तो जनावरांपुढे टाकला गेला, आणि तो मिळेनासा झाला ते कोणत्या हंगामात.