१६५ मतं आणि त्यानंतरची तीन वर्षं



मध्यंतरी आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्त्याचा विषय बाजूलाच राहिला आणि गाडी निवडणुकीवर गेली. एक ताई म्हणाल्या, "निवडणुकीत एकमेकांच्या उरावर बसतात, आणि निकाल लागला की एकाच गाडीतनं जातात. मग माझं मत गेलं कुठं?" सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही, कारण उत्तर येत नव्हतं. बी.ए.ला माझा इतिहास होता, म्हणून जुनं वाचायला घेतलं. आज सांगते ते आपल्याच कोल्हापुरातून सुरू होतं. आजच्या कुठल्या पक्षाची बाजू घ्यायचा विचार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

साल १९७७. आणीबाणीनंतरची लोकसभेची निवडणूक मार्च महिन्यात झाली. कोल्हापुरातून शेतकरी कामगार पक्षाचे दाजीबा देसाई निवडून आले. किती मतांनी? फक्त १६५. आपल्या एका ग्रामसंघाच्या सभेला याहून जास्त बायका जमतात! महाराष्ट्रात ४८ जागांपैकी काँग्रेसला २०, जनता पक्षाला १९ आणि शेकापला ५ मिळाल्या. मुंबईतून मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर अशा दोन लढाऊ बायका दिल्लीला गेल्या. महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरणाऱ्या त्या याच.

निकाल दिल्लीचा, पण हादरा बसला मुंबईच्या खुर्चीला. मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण गेले आणि मे महिन्यात आपल्या शेजारचे, सांगलीचे वसंतदादा पाटील आले. १९४३ साली सांगलीचा तुरुंग फोडून पळालेले दादा. पुढे काँग्रेसच फुटली. एक इंदिरा काँग्रेस, दुसरी रेड्डी काँग्रेस. १९७८च्या फेब्रुवारीत विधानसभा झाली, तेव्हा दोन्ही काँग्रेस एकमेकींविरुद्ध लढल्या.

आता जरा हिशेब करू, आपल्याला हिशेबाची सवय आहेच. विधानसभेच्या जागा २८८, म्हणजे सरकारला लागणार १४५. जनता पक्षाच्या आल्या ९९, रेड्डी काँग्रेसच्या ६९, इंदिरा काँग्रेसच्या ६२. कुणाचंच भागत नव्हतं. दोन्ही काँग्रेस मिळवल्या तरी १३१ होतात. तरीही त्याच दोघी, कालच्या वैरिणी, काही अपक्षांना सोबत घेऊन एकत्र आल्या. वसंतदादा मुख्यमंत्री आणि इंदिरा काँग्रेसचे नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. महाराष्ट्राला पहिला उपमुख्यमंत्री मिळाला तो असा, गरजेतून.

हा संसार चार महिनेच चालला. तिरपुडे आपल्याच मुख्यमंत्र्यांवर जाहीर टीका करत. दादांच्या माणसांना ते सोसवेना. जुलैत अधिवेशन चालू असताना मंत्रिमंडळातले शरद पवार चाळीसच्या आसपास आमदार घेऊन बाहेर पडले आणि सरकार पडलं. १८ जुलै १९७८ला ते स्वतः मुख्यमंत्री झाले, वय ३७. या सरकारचं नाव पुरोगामी लोकशाही दल, लोकांच्या तोंडी पुलोद. पाठीत खंजीर खुपसला म्हणतात ते तेव्हापासून. दुसरी बाजू म्हणते, ते सरकार तसंही पडलंच असतं. मला वाटतं दोन्ही खरं असू शकतं. घरात वाटणी होते तेव्हा नाही का, भांडण आधीपासूनच असतं, पण दार उघडून बाहेर पडणाराच लक्षात राहतो.

पुलोदमध्ये कोण नव्हतं? जनसंघाच्या मुशीतले उत्तमराव पाटील आणि हशू अडवाणी होते, समाजवादी होते, आणि लाल बावट्याचे आपले प्रा. एन. डी. पाटील सहकारमंत्री होते. शाखेवरचा माणूस आणि शेकापचा माणूस एका टेबलाशी! आपल्या त्या ताईंनी तेव्हाही तोच प्रश्न विचारला असता.

पण माझं वाचन अडकलं ते दुसऱ्याच गोष्टीपाशी. आमच्या गटात एक आक्का आहेत, माहेर जत तालुक्यातलं. बहात्तरच्या दुष्काळात त्या खडी फोडायला जायच्या. सुकडी मिळायची, तिची चव अजून जिभेवर आहे म्हणतात. त्या दुष्काळात वाढलेली रोजगार हमी योजना, आणि तिची कल्पना मांडणारे वि. स. पागे, तेही सांगली जिल्ह्यातलेच. पण योजना म्हणजे सरकारची मर्जी, आज आहे आणि उद्या नाही. तिचा कायदा झाला १९७७ साली, काँग्रेसचं सरकार असताना, सगळ्या पक्षांच्या एकमताने. तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ला. तेव्हा सरकार पुलोदचं होतं. पंधरा दिवसांत काम द्या, नाहीतर भत्ता द्या. बाईला आणि गड्याला दर एकच. पैसा कुठून? शहरातल्या नोकरदार-व्यापाऱ्यांच्या व्यवसाय करातून आणि तितकीच भर सरकारची.

आक्कांना मी विचारलं, तेव्हा मुख्यमंत्री कोण होतं? त्या म्हणाल्या, "कोण का असंना. मुकादम हजेरी लावायचा, तेवढं ठाऊक."

पुलोदचा शेवट आतल्या भांडणानं झाला नाही. दिल्लीत जनता पक्ष फुटला, जानेवारी १९८०मध्ये इंदिरा गांधी परत आल्या. महाराष्ट्रात त्यांना ४८ पैकी ३९ जागा मिळाल्या, कोल्हापुरातून उदयसिंगराव गायकवाड त्यांच्या पक्षाकडून निवडून आले. १७ फेब्रुवारीला पुलोद सरकार बरखास्त झालं. विधानसभेत बहुमत होतं की नाही, हे कुणी मोजलंसुद्धा नाही. हे मला बरोबर वाटत नाही. आमदार राज्याने निवडायचे आणि घरी पाठवायचं दिल्लीने! जूनमध्ये अंतुले मुख्यमंत्री झाले. रोजगार हमीचा कायदा मात्र कुणी काढला नाही. पुढे २००५ साली देशभराचा कायदा झाला, तेव्हा हाच नमुना समोर होता.

हे वाचताना मला आमचंच शेवयांचं मशीन आठवत होतं. दोन गटांनी निम्मे-निम्मे पैसे घालून घेतलं. दोन्हीकडच्या अध्यक्षांनी हातात हात घेतले, पेढे वाटले. कागदावर काही लिहिलं नाही, कारण माझ्यासकट कुणाला गरज वाटली नाही. लाइटबिल कुणी भरायचं, लग्नसराईत पहिला नंबर कुणाचा, मोडलं तर खर्च कुणाचा? एका गटाचा अध्यक्ष बदलला आणि नव्या बाई म्हणाल्या, "मी कुठं काय कबूल केलं होतं?" दोन उन्हाळे मशीन एकीच्या पडवीत पोत्याखाली झाकून आहे. हप्ता दोन्ही गट भरतायत.

या गुरुवारी दोन्ही गटांना एकत्र बोलावलंय. इतिवृत्ताची वही नवी घेतली आहे. अध्यक्ष कोण, हा विषय मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. पहिला विषय लाइटबिलाचा. आक्कांना लिहिता येत नाही, पण सगळं वाचून दाखवल्याशिवाय अंगठा देणार नाही, असं त्यांनी आत्ताच बजावलंय.