माडीवरचे मिरज जंक्शन

रेल्वेच्या इतिहासात दोन रुळांमधले अंतर ही फार मोठी गोष्ट आहे. इंजिने जुनी होतात, डबे मोडीत निघतात, कंपन्यांची नावे बदलतात. पण एकदा रूळ अमुक अंतरावर ठोकले की पुढच्या चार पिढ्यांनी गाडी कुठे बदलायची हे ठरून जाते. या अंतराला आपण सर्रास गेज म्हणतो. सीमाभागातल्या आपल्या कुटुंबांच्या आयुष्यात या गेजने काय केले, हे मला पुस्तकांतून कळले त्याहून अधिक घराच्या माडीवर आठ फूट बाय चार फुटांच्या प्लायवुडवर कळले. मिरज जंक्शनचे छोटे मॉडेल मी गेली बरीच वर्षे तिथे बांधतो आहे, सुधारतो आहे आणि चालवतो आहे.

मिरजच का, असे पाहुणे विचारतात. उत्तर सोपे आहे. भारतीय रेल्वेची तिन्ही गेज एकाच आवारात नांदली अशा मोजक्या ठिकाणांपैकी मिरज हे एक आणि बेळगावकराच्या पायाखालचे. पुण्या-मुंबईकडची ब्रॉडगेज, बेळगाव-हुबळी-बंगळूरकडची मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडची बार्शी लाईटची नॅरोगेज. आज तिथे सगळे एकाच मापाचे रूळ आहेत. जुने मिरज बघायचे तर ते कुणीतरी बांधायलाच हवे.

बांधायला बसले की पहिला प्रश्न साल कोणते हा येतो. मॉडेल करणाऱ्याला “पूर्वी असे होते” एवढ्यावर भागवता येत नाही. १९३० चे मिरज निराळे, १९६० चे निराळे, १९८० चे निराळे. त्यासाठी मी तारखा ओळीने मांडल्या आणि एक चित्र स्पष्ट झाले.

१८५३ साली बोरीबंदर-ठाणे गाडी धावली ती लॉर्ड डलहौसीने पसंत केलेल्या साडेपाच फुटी, म्हणजे १६७६ मिलिमीटरच्या गेजवर. पुढे खर्चाची ओरड सुरू झाली. १८७० च्या सुमारास लॉर्ड मेयोच्या कारकिर्दीत स्वस्तातली रेल्वे म्हणून मीटरगेज आले. देशात मेट्रिक मापे आणायचा त्याचा विचार होता, म्हणून नेमके एक मीटर. १८८२ साली स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वेने आपल्या भागात हेच गेज घातले. कोल्हापूर-मिरज फाट्याचे काम १८८८ साली शाहू महाराजांच्या काळात सुरू झाले आणि १८९१ मध्ये गाडी सुरू झाली, तीही मीटरगेजवरच. म्हणजे एकोणिसावे शतक संपताना पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा, हुबळी हा सगळा पट्टा एका मापाने जोडलेला होता. बेळगावचा माणूस बिछाना न गुंडाळता पुण्याला पोचत होता. गाडी बदलायची ती पुण्यात, मुंबईला जायचे असेल तर.

तिसरा पाहुणा पूर्वेकडून आला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने अडीच फुटी गेजवर, प्रत्येक आसावर फक्त पाच टन भार येईल अशा बेताने, बार्शी लाईट रेल्वे उभारली. १८९७ मध्ये ती बार्शी रोड ते बार्शी अशी सुरू झाली. बार्शी रोड म्हणजे आजची कुर्डुवाडी. पुढे ती पंढरपूर आणि लातूरला गेली आणि १९२७ साली मिरजेला टेकली. याच कॅलथ्रॉपने बार्शीच्या अनुभवावर इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची त्याच गेजची रेल्वे १९०४ साली उभारली. ती १९३४ मध्ये बंद पडली, पण तिकडच्या मॉडेलवाल्यांनी तिला आजवर जिवंत ठेवली आहे. बार्शीची धाकटी बहीण इंग्लंडात घरोघरी टेबलावर धावते आणि थोरली मात्र तिच्याच मुलखात विस्मरणात जाते, हे मला बोचत आले आहे.

आता मुख्य गोष्ट. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्यावर आपण भरपूर बोललो, लिहिले, भोगले. पण रुळांवर तेव्हा काहीच बदलले नव्हते. पुण्याची गाडी तशीच येत होती. रुळांवर रेघ उमटली ती पंधरा वर्षांनी. १९७१ साली ब्रॉडगेज पुण्याहून मिरजेला आणि कोल्हापूरला पोचले. पुणे-कोल्हापूरकरांची सोय झाली, मुंबईची गाडी थेट दारात आली. आणि त्याच दिवसापासून बेळगाव-पुणे हा ऐंशी वर्षांचा सलग प्रवास मिरजेला तुटला. यात कुणाचा डाव नव्हता. रूळ बदलायचे काम टप्प्याटप्प्याने होते आणि पहिला टप्पा मिरजेला संपला, इतकेच. पण राज्याची हद्द आणि गेजची हद्द आता हाकेच्या अंतरावर आल्या. नंतरची वीस-पंचवीस वर्षे आपल्या भागातले प्रत्येक मूल पुण्या-मुंबईला शिकायला जाताना आणि प्रत्येक सून दिवाळीला माहेरी येताना ट्रंका डोक्यावर घेऊन मिरजेच्या पुलावर चढली-उतरली. १९९२ नंतरच्या युनिगेज योजनेत मिरज-लोंढा-बंगळूर मार्ग ब्रॉडगेज झाला तेव्हा ही तुटलेली वाट सांधली गेली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बार्शी लाईटच्या अरुंद रुळांचीही पाळी आली.

तेव्हा तिन्ही गेजचे मिरज फक्त १९७१ पासून नव्वदीच्या मध्यापर्यंत होते. मी १९८० हे साल धरले. ब्रॉडगेजवर डब्ल्यूडीएम-टू डिझेल, मीटरगेजवर अजून वायपी आणि वायजी ही वाफेची इंजिने, आणि नॅरोगेजवर धुराने माखलेली बार्शीची छोटी गाडी.

साल ठरले, आता माप. गंमत अशी की खेळण्यातल्या रेल्वेचा इतिहासही गेजच्या भांडणानेच सुरू होतो. जर्मनीतल्या गोपिंगनच्या मर्कलिन कंपनीने १८९१ च्या लायपझिग जत्रेत चावीची गाडी इंग्रजी आठच्या आकाराच्या रुळांवर फिरवून दाखवली. खरी करामत गाडीत नव्हती, ठरवून दिलेल्या आणि क्रमांक लावलेल्या गेजमध्ये होती. आज इंजिन घ्या, पुढच्या नाताळाला त्याच मापाचे चार रूळ आणि एक सांधा घ्या. मेकॅनो काढणाऱ्या फ्रँक हॉर्नबीने १९२० साली लिव्हरपूलमध्ये चावीच्या गाड्या आणल्या, त्या ३२ मिलिमीटरच्या रुळांवर. घरे लहान होत गेली तसे रूळही निम्म्यावर आले. १९२२ मध्ये बिंगने, १९३५ मध्ये ट्रिक्सने आणि १९३८ मध्ये हॉर्नबी डब्लोने साडेसोळा मिलिमीटरची टेबलावरची रेल्वे आणली. तेच माप आजही जगात सर्वाधिक चालते.

मराठी माणसाच्या घरी छोटी रेल्वे आणण्याचा मान ग्वाल्हेरचा. माधवराव शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या मेजावर चांदीची आगगाडी पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार घेऊन फिरे, आणि कुणी सुरई उचलली की थांबे. ती आजही तिथल्या संग्रहालयात आहे. सामान्यांसाठी हे दालन उघडले ते पुण्यात. भाऊसाहेब जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय कोथरूडला १९९८ साली सुरू झाले. सहलीला गेलेली आपली अनेक मुले ते पाहून आली आहेत.

माझे प्रमाण एकास सत्याऐंशी, ज्याला एचओ म्हणतात. आता वहीवर भागाकार करा. बार्शीचे ७६२ मिलिमीटर भागिले ८७ म्हणजे पावणेनऊ मिलिमीटर. बाजारात मिळणारा रूळ नऊचा. फरक पाव मिलिमीटरचा. मीटरगेज येते साडेअकरा, मिळतो बाराचा. हेही चालेल. ब्रॉडगेज मात्र सव्वाएकोणीस येते आणि मिळतो तो साडेसोळाचा, कारण तो इंग्लंड-युरोपातल्या चार फूट साडेआठ इंची गेजचा आहे. म्हणजे माझ्या टेबलावर सगळ्यांत धाकटी रेल्वे सगळ्यांत खरी आणि सगळ्यांत मोठी रेल्वे पावणेतीन मिलिमीटरने खोटी. डलहौसीने नाकारलेले गेज माझ्या माडीवर त्याच्या छातीवर बसले आहे! काही जण हाताने सव्वाएकोणीसचे रूळ घालतात, पण मग प्रत्येक आस नवा करावा लागतो. मी तडजोड पत्करली आणि तो वेळ इमारतींना दिला.

लांबीचेही तसेच. ब्रॉडगेजचा डबा सुमारे बावीस मीटरचा, मॉडेलमध्ये पंचवीस सेंटिमीटर. अठरा डब्यांची गाडी साडेचार मीटर भरेल. माझे टेबल अडीच मीटरचेही नाही. म्हणून पाच डबे. वळणाची त्रिज्या मी साठ सेंटिमीटर ठेवली आहे. खऱ्या मापात ती बावन्न मीटर होते आणि ब्रॉडगेजचे सर्वांत कडक वळणसुद्धा पावणेदोनशे मीटरचे असते. ही लबाडी डोंगराआड आणि मालधक्क्याच्या शेडमागे लपवायची असते. डोंगर म्हणजे जाळी, वर्तमानपत्राचा लगदा आणि प्लास्टर; रुळांखालची खडी म्हणजे चाळलेली बारीक वाळू, पातळ केलेल्या फेविकॉलने ड्रॉपरमधून बसवलेली. त्यात साबणाचा एक थेंब घातला की डिंक नीट पसरतो.

आपल्याकडे खरा शत्रू पाऊस. जूनपासून चौकटीचे लाकूड फुगते, डिसेंबरात आकसते आणि रूळ सापासारखे वळतात. म्हणून प्लायवूड खालून-वरून दोन्हीकडे रंगवावे आणि रुळांच्या जोडात थोडी फट सोडावी. पितळी रूळ स्वस्त, पण त्यावर चढणारी काळी पुटे वीज अडवतात. निकेल-सिल्व्हरचे घ्यावेत. नावात चांदी असली तरी ते तांबे, जस्त आणि निकेलचे मिश्रण आहे, आणि त्याची पुटे तितकीशी आड येत नाहीत.

चालवण्याची व्यवस्था मी दोनदा बदलली. आरंभी बारा व्होल्टचा साधा डीसी कंट्रोलर होता. त्यात वीज रुळाला मिळते, इंजिनाला नाही. म्हणून एका तुकड्यावरची सगळी इंजिने एकदम धावतात. यार्डाचे अकरा तुकडे पाडून प्रत्येकाला बटण लावले. पुढे ब्रॉड आणि मीटर या दोन्हींवर डिजिटल पद्धत घेतली. त्यात प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप असते आणि ती आपल्या नंबराचाच हुकूम ऐकते. नॅरोगेज मात्र जुन्या बटणावरच ठेवली आहे. त्या लाईनवर माझ्याकडे एका वेळी एकच गाडी असते, तिला हुकूम कशाला?

गाडी गोल फिरवणे लवकर कंटाळवाणे होते. अमेरिकेतल्या फ्रँक एलिसनने गेल्या शतकाच्या चाळीशीतच सांगितले होते की लेआउट हे रंगमंच, गाड्या ही पात्रे आणि वेळापत्रक हे नाटक. आमच्या नाटकाचे दिग्दर्शक शेजारचे निवृत्त गार्ड. घरी कन्नड, आमच्याशी मराठी. सारी गल्ली त्यांना काका म्हणते. एकेरी मार्गावरचा नीलचा टोकन-गोळा त्यांनी मला समजावला. दोन स्टेशनांची यंत्रे विजेने बांधलेली. एका वेळी एकच गोळा बाहेर येणार आणि तो हाती नसेल तर ड्रायव्हरने निघायचे नाही. मी गाडी सोडायची घाई केली की ते म्हणतात, “अहो मास्तर, गोळा कुठाय? गोळ्याशिवाय चाक हलवायचं नाही, मग जनरल मॅनेजर डब्यात का बसेना!” आता मिरज आणि शेडबाळ यांच्यामध्ये एक काचेची गोटी आहे. ती ज्याच्या हातात, त्याचीच गाडी.

टेबलावर मिरज-शेडबाळ अंतर हातभर आहे. मधून राज्याची हद्द जाते, पण ती मी दाखवलेली नाही. रुळांना ती दिसत नव्हती. दिसतात ते फलक. मिरजेचा फलक मी रंगवला, शेडबाळच्या फलकावरची कन्नड अक्षरे काकांनी भिंगाखाली तीन केसांच्या ब्रशने काढली. मालाच्या अदलाबदलीची शेडही त्यांच्याच आठवणीतून उभी राहिली. एका धक्क्याला ब्रॉडगेजची वाघीण, दुसऱ्याला मीटरगेजची आणि मधे पाठीवर पोते घेतलेले हमाल. दोन गेजमधले सुमारे सव्वादोन फूट अंतर या भागाने असे पाठीवर वाहिले.

अशा आठवणी कागदावर फार थोड्या आहेत. रेल्वेच्या नोंदीत रूळ केव्हा बदलले ते सापडेल. कुठला फलाट कुठल्या गेजचा होता, पाण्याचा नळ कुठे होता, पंढरपूरची गाडी लागली की वारकरी कुठल्या दाराने धावत, हे फक्त माणसांजवळ आहे आणि ती माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. तुमच्या घरात कुणी रेल्वेत असेल तर यंदाच्या दिवाळीत एक वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. ते मराठीत सांगतील, कन्नडमध्ये सांगतील किंवा आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे दोन्हीत मिळून सांगतील. लिहून घ्या आणि शक्य झाल्यास पावलांनी मोजून घ्या. माझ्या यार्डातला नॅरोगेजचा पूर्वेकडचा तुकडा अजून कोरा आहे. तिथे काय होते हे नक्की सांगणारा माणूस मिळेपर्यंत मी तो तसाच ठेवणार आहे.