पाच डॉलरची शिकवणी आणि एका गाण्याचा हिशोब



पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

आधी एक कबुली. गेल्या वर्षी आमच्या चिरंजीवांनी (वय १५) तबला सोडला. आठ वर्षं दर शनिवारी सकाळी चाळीस मिनिटं गाडी चालवून मी ज्याला क्लासला नेलं, त्यानं एक दिवस शांतपणे सांगितलं, "आई, मला आता फक्त गिटार शिकायची आहे." मी वरवर "बरं" म्हटलं. आतून मात्र जे झालं ते तुमच्यापैकी ज्यांनी मराठी शाळा, श्लोक, भरतनाट्यम, हार्मोनियम यापैकी काहीही मुलांच्या गळी उतरवायचा प्रयत्न केलाय, त्यांना सांगायला नको. "आपलं" सोडून "त्यांचं" धरलं, एवढंच डोक्यात राहिलं.

मग या वसंतात तो म्हणाला की गावच्या लायब्ररीच्या हॉलमध्ये एक संध्याकाळ आहे. सात-आठ गिटारवाले रेव्हरंड गॅरी डेव्हिस नावाच्या एका माणसाच्या रचना वाजवणार आहेत, आणि त्याच्या सरांनी त्यालाही एक तुकडा दिलाय. मी पटकन बोलून गेले, "म्हणजे दुसऱ्याचीच गाणी वाजवायची ना? त्यात काय विशेष?" त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तू आधी वाच तरी, ते कोण होते."

मी सीए आहे, भारतातली. इथे न्यू जर्सीत गेली सोळा वर्षं दुसऱ्यांचे हिशोब तपासते. त्यामुळे वाचायला बसले तेही आधी पैसा कुठून आला आणि कुठे गेला, हे बघतच. आणि मंडळी, तिथेच अडकले.

गॅरी डेव्हिस यांचा जन्म ३० एप्रिल १८९६ चा, साउथ कॅरोलायना राज्यातला. त्यानंतर अठराच दिवसांनी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की गोऱ्यांसाठी आणि काळ्यांसाठी रेल्वेचे डबे वेगवेगळे ठेवणं कायदेशीर आहे. अशा जगात आलेलं हे काळं मूल तान्हेपणीच आंधळं झालं. आठ भावंडांपैकी जगली दोनच. सांभाळ आजीनं केला. शेतावर काम होण्यासारखं नव्हतं. मग उरलं काय? गिटार, चर्च आणि रस्ता.

तरुणपणी ते नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमला आले. हे तंबाखूच्या कारखान्यांचं गाव. पगाराच्या दिवशी कामगार बाहेर पडले की कोपऱ्यावर उभं राहून गायचं आणि डब्यात पडतील ती नाणी घ्यायची. १९३० च्या दशकात त्यांना बाप्टिस्ट धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. तेव्हापासून ते "रेव्हरंड" झाले आणि बरीच वर्षं लोकांसमोर फक्त देवाचीच गाणी गायले.

आता "गॉस्पेल ब्लूज" म्हणजे काय, हे मला जसं समजलं तसं सांगते. ब्लूज म्हणजे संसारातलं गाणं: विरह, दारू, गरिबी, तुरुंग. चर्चमधल्या सोवळ्या मंडळींना ते सैतानाचं संगीत वाटायचं. गॉस्पेल म्हणजे देवाचं गाणं. कुणी फडातली ढोलकी उचलून थेट कीर्तनाला बसावं, तसं या लोकांनी ब्लूजच्या गिटारवर देवाचे शब्द बसवले.

आणि फिंगरस्टाइल म्हणजे नुसती तारांवर फरफर नाही. अंगठा खालच्या सुरांच्या जाड तारांवर ठेका धरतो आणि बोटं वरच्या पातळ तारांवर चाल वाजवतात, दोन्ही एकाच वेळी. डग्गा आणि तबला जसे दोन वेगळ्या गोष्टी बोलतात आणि तरी एकच बोल तयार होतो, अगदी तसं. डेव्हिस हे सगळं फक्त अंगठा आणि तर्जनी या दोनच बोटांनी करायचे. ऐकणाऱ्याला वाटावं दोन माणसं वाजवतायत, किंवा पियानो चाललाय. हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की आमच्या घरातली ती आठ वर्षं वाया गेली नव्हती. पोराचे दोन हात दोन वेगळ्या लयीत चालतात ते कुठून आलं?

असो. हिशोबाकडे येते.

१९३५ मध्ये डेव्हिस न्यूयॉर्कला जाऊन रेकॉर्डिंग करून आले. पैशांवरून मन खट्टू झालं आणि नंतर जवळजवळ दहा वर्षं त्यांच्या गाण्यांची तबकडी निघाली नाही. त्याच खेपेला त्यांच्यासोबत गेलेला ब्लाइंड बॉय फुलर त्यांच्याकडूनच बरंच काही शिकला होता. तो मात्र पुढे लोकप्रिय झाला. १९४० च्या दशकात डेव्हिस न्यूयॉर्कला राहायला आले आणि हार्लेमच्या फुटपाथवर पुन्हा तेच सुरू झालं: गिटार, देवाचं गाणं आणि नाणी.

मग एक गंमत झाली. १९५० च्या दशकाच्या शेवटी शहरातल्या गोऱ्या, बऱ्याचशा ज्यू घरांतल्या कॉलेजवयीन मुलांना जुन्या लोकसंगीताचं वेड लागलं आणि ती या आंधळ्या म्हाताऱ्याचं दार ठोठावू लागली. ब्रॉन्क्समधलं साधंसं भाड्याचं घर. शिकवणीची फी पाच डॉलर. तास किती? घड्याळच नाही. दुपारी सुरू झालेली शिकवणी रात्रीपर्यंत चालायची. नोटेशन नाही, वही नाही. ते वाजवणार, तुम्ही वाजवायचं, चुकलं की ते पुन्हा वाजवणार. डोळे नसले तरी कुठलं बोट कुठे चुकलं हे त्यांना कळायचं. स्टीफन ग्रॉसमन हा ब्रुकलिनचा शाळकरी मुलगा टेपरेकॉर्डर घेऊन जायचा. पुढे त्यानंच या रचना लिहून काढल्या आणि जगभर शिकवल्या. एर्नी हॉकिन्स हा पिट्सबर्गचा मुलगा तर त्यांच्याकडे शिकायला म्हणून न्यूयॉर्कला राहायला आला. आज गिटारवाले त्यांना मानवंदना म्हणून जे वाजवतात, त्यातलं बरंचसं या दिवाणखान्यातून, पाच-पाच डॉलरच्या शिकवण्यांतून बाहेर आलंय.

ऑगस्ट १९६० मध्ये त्यांची जी प्रसिद्ध रेकॉर्ड झाली, "हार्लेम स्ट्रीट सिंगर", ती कुठे झाली माहितेय? एंगलवुड क्लिफ्सला! हो, जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज ओलांडला की लागतं तेच. न्यू जर्सीकरांनो, आपण तिथून किती वेळा गेलोय!

या रेकॉर्डवर एक गाणं आहे, सॅमसन आणि डिलायलाचं. बायबलमधली गोष्ट. महाबली सॅमसनला शत्रू दग्यानं पकडतात, त्याचे डोळे काढतात, आणि शेवटी तो खांब ढकलून त्यांचं मंदिरच त्यांच्यावर पाडतो. एक आंधळा माणूस आंधळ्या वीराचं गाणं गातोय, तेही अशा देशात, जिथे त्याला दुसऱ्या दारानं आत जावं लागतं. त्या इमारत पाडण्यातला राग नुसता बायबलचा नाही, हे वेगळं सांगायला हवं का?

१९६२ मध्ये पीटर, पॉल अँड मेरी या त्रिकुटानं आपल्या पहिल्याच अल्बममध्ये हे गाणं घेतलं. अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. आणि गाण्याच्या हक्काच्या रकान्यात नाव नोंदलं गेलं: गॅरी डेव्हिस.

इथे माझ्या व्यवसायातलं थोडं ऐका. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्यानं एकदा ध्वनिमुद्रित झालेलं गाणं दुसरा कुणीही पुन्हा मुद्रित करू शकत होता. मात्र ज्याच्या नावावर ते गाणं आहे, त्याच्या बाजूला प्रत्येक प्रतीमागे ठरलेली रक्कम द्यावी लागे. ती होती दोन सेंट. हा दर १९७७ पर्यंत तोच राहिला. दोन सेंट म्हणजे काहीच नाही, पण दहा लाख प्रती खपल्या की वीस हजार डॉलर होतात. त्यातला प्रकाशकाचा वाटा गेला तरी १९६० च्या दशकात ही मोठी रक्कम. या रॉयल्टीतून डेव्हिस यांनी क्वीन्समधल्या जमैका भागात स्वतःचं घर घेतलं. वयाची साठी ओलांडल्यावर. ते स्वतः म्हणायचे की हे घर पीटर, पॉल आणि मेरीनं बांधलं.

छान शेवट वाटतो ना? पण ऑडिटर इथे थांबत नाही.

कारण हे गाणं त्यांच्याआधी दुसऱ्या एका आंधळ्या गायकानं मुद्रित केलं होतं, ३ डिसेंबर १९२७ रोजी, डॅलसमध्ये. ब्लाइंड विली जॉन्सन, टेक्सासचा. त्यानं तीन वर्षांत ३० गाणी मुद्रित केली. मोबदला गाण्यामागे सुमारे ५० डॉलर, आणि थोडी जास्तीची रक्कम देऊन रॉयल्टीवरचा हक्क सोडून घेतलेला. १९४५ मध्ये त्याचं घर जळालं. जायला दुसरी जागा नव्हती म्हणून तो आणि बायको त्या जळक्या घरातच भिजलेल्या अंथरुणावर झोपत राहिले. तो आजारी पडला आणि गेला. एकाच गाण्यानं एकाला घर दिलं. दुसऱ्याकडे जळलेल्या घरातून हलण्याएवढेही पैसे नव्हते.

मग डेव्हिसनी जॉन्सनचं लुबाडलं का? नाही. ते गाणं जॉन्सनचंही एकट्याचं नव्हतं. चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या तोंडातोंडी फिरलेलं ते. त्याचा मूळ मालक शोधायला गेलात तर शेवटी एक अख्खा समाज निघतो, ज्याला एके काळी स्वतःच्या देहाची मालकीही नव्हती. कायद्याच्या फॉर्मवर मात्र रकाना एकच असतो आणि त्यात एकच नाव मावतं.

मला वाटतं, ट्रिब्यूट म्हणून जे वाजवलं जातं ते याचसाठी. उरलेली नावं भरण्यासाठी. २०१६ मध्ये टॉम वेट्स, लुसिंडा विल्यम्स अशा मोठ्या कलाकारांनी मिळून जॉन्सनच्या गाण्यांचा एक अल्बम काढला. तो जाऊन सत्तरहून जास्त वर्षं झाली होती. पैशाचं देणं आता त्याच्यापर्यंत पोचणार नाही. नावाचं पोचवता येतं.

आणि एक गोष्ट, जी वाचून मी खुर्चीतून उठलेच. १९७७ मध्ये नासानं व्हॉयेजर यानांवर पृथ्वीच्या आवाजांची सोनेरी तबकडी पाठवली, आठवते? त्यात जॉन्सनचं एक गाणं आहे, जवळजवळ शब्दांशिवायचं, नुसतं गुणगुणणं आणि गिटार. आणि त्याच तबकडीवर आपल्या गोव्याच्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे! केसरबाई, ज्यांनी आयुष्यात शिष्या म्हणून घेतली ती एकट्या धोंडूताई कुलकर्णींना. "आपलं" आणि "त्यांचं" असे दोन रकाने करून मी वर्षभर रुसून बसले होते, आणि तिकडे अवकाशात ही दोघं पंचेचाळीसहून जास्त वर्षं एकाच तबकडीवर प्रवास करतायत.

डेव्हिस ५ मे १९७२ रोजी गेले. तेही इथेच, न्यू जर्सीतल्या हॅमंटनमध्ये.

आता लायब्ररीच्या संध्याकाळचं सांगते आणि थांबते.

साठ-सत्तर खुर्च्या, पुढे एक माइक. बहुतेक वाजवणारे पांढऱ्या दाढीचे. एक रिटायर्ड पोस्टमन, एक दाताचे डॉक्टर, एक नर्सबाई. प्रत्येक जण वाजवण्याआधी सांगत होता की हे मी अमक्याकडून शिकलो, तो तमक्याकडून. आमच्या मुलाचा नंबर आला. शर्टाची बाही ओढत उभा राहिला आणि इंग्रजीत म्हणाला, "हे मी माझ्या सरांकडून शिकलो. ते ज्यांच्याकडे शिकले, ते रेव्हरंड डेव्हिस यांच्या घरी जायचे. आणि त्यांच्याही आधी हे ब्लाइंड विली जॉन्सन गायले होते."

आणि ही दोन नावं घेताना त्यानं दोन्ही वेळा उजव्या हातानं कानाची पाळी धरली.

हॉलमध्ये कुणालाच कळलं नाही तो काय करतोय. बहुधा त्यालाही कळलं नसावं. तबल्याच्या क्लासमध्ये गुरुजी आपल्या गुरूंचं नाव घेताना कानाला हात लावायचे, ते आठ वर्षं पाहून हाताला लागलेलं वळण. मी मागच्या रांगेत बसले होते. चष्मा पुसत राहिले, एवढंच सांगते.

मधे एका ठिकाणी तो चुकला, थांबला, पुन्हा धरलं. समेवर आला बरोबर.

तर मंडळी, मुलं जे काही शिकतायत, सतार, सॅक्सोफोन, काहीही, त्यांना एकदा विचारा: "हे तुझ्या सरांना कुणी शिकवलं? आणि त्यांना?" दोन पिढ्या मागे गेलात तरी पुरे. जे उत्तर मिळेल ते इथे लिहा. मला वाचायचंय. आणि आज रात्री भांडी आवरताना "हार्लेम स्ट्रीट सिंगर" लावा. दोन बोटं आहेत यावर विश्वास बसतो का, बघा.