फुजीचे कळसदर्शन

जपानी चित्रकलेचा विषय निघाला की होकुसाईची प्रचंड लाट डोळ्यांपुढे उभी राहते. त्या लाटेखाली दूरवर दिसणारा इवलासा फुजी पर्वत मात्र नजरेतून सहज निसटतो. वास्तविक ते चित्र ‘फुजीची छत्तीस दृश्ये’ या मालिकेतील आहे. होकुसाई (१७६०–१८४९) सत्तरीत असताना, १८३०च्या सुमारास, एदो नगरीतील (आजचे तोक्यो) प्रकाशक निशिमुराया योहाची याने ही मालिका काढण्यास आरंभ केला. पुढे दहा चित्रांची भर पडून संख्या ४६ झाली.

३,७७६ मीटर उंचीचा हा पर्वत जपानी भाविकांचे तीर्थस्थान. परंतु शिखरावर जाणे सर्वांच्या नशिबी नव्हते. स्त्रियांना तर १८७२ पर्यंत तेथे मज्जावच होता. ज्यांना यात्रा घडत नसे, त्यांच्यासाठी एदोतील भक्तमंडळांनी वस्तीवस्तीत लहान फुजी-टेकड्या रचल्या होत्या. देवळात जाता आले नाही तर दुरून कळसाला हात जोडावेत, हा भाव आपल्यालाही परका नाही. स्वस्तात मिळणाऱ्या या मुद्राचित्रांनी तेच कळसदर्शन घरोघर पोहोचविले, असे आम्हांस वाटते.

म्हणूनच या मालिकेत राजे-सरदारांपेक्षा सामान्य माणसेच अधिक दिसतात. गोतेन्यामावर चेरीच्या बहराखाली लोक रमले आहेत. कोइशिकावाच्या चहागृहात हिमप्रभाती स्त्रिया जमल्या आहेत. ओवारी प्रांतातला कारागीर भल्यामोठ्या लाकडी पिंपात शिरून काम करतो आहे आणि पिंपाच्या वर्तुळातून फुजी डोकावतो आहे. ऋतू पालटतात, माणसांचे कष्ट चालू राहतात, पर्वत स्थिर असतो.

या चित्रांमागचे कष्टही ध्यानात घ्यावयास हवेत. चित्रकाराचे पातळ कागदावरील रेखाटन चेरीच्या फळीवर उलटे चिकटवीत आणि त्यावरूनच कोरीत. त्यात मूळ रेखाटन नष्ट होई. रंगांसाठी निराळे ठसे कोरावे लागत. युरोपातून आलेला प्रशियन निळा रंग छापणारा हाताने घासून उतरवी. प्रसिद्ध ‘तांबड्या फुजी’च्या आरंभीच्या प्रती फिकट आहेत, नंतरच्या गडद; म्हणजे पर्वताचा रंगही अखेर छापणाऱ्याच्या हाती होता. चित्रांवर नाव मात्र होकुसाईचे आहे.

२०१३ मध्ये युनेस्कोने फुजीला पवित्र स्थान व कलेचे प्रेरणास्थान म्हणून जागतिक वारशात स्थान दिले. त्या गौरवात कोरणाऱ्या आणि छापणाऱ्या अनाम हातांचाही वाटा आहे, याचे विस्मरण रसिकांना होऊ नये.