पेनिसिलिन शरीरात टिकवण्याची धडपड

फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्डच्या रुग्णालयात अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला पेनिसिलिन टोचायला सुरुवात झाली. त्याचा ताप उतरला, तो जेवू लागला. पण औषध इतके थोडे होते, की त्याची लघवी सायकलवरून प्रयोगशाळेत नेत, तिच्यातून पेनिसिलिन वेगळे काढत आणि त्यालाच परत देत. साठा संपला, आजार उलटला आणि १५ मार्चला तो दगावला. ही गोष्ट तुम्ही औषधटंचाईची म्हणून वाचली असेल. आता असे विचारा : लघवीत एवढे पेनिसिलिन आले कुठून?

मूत्रपिंडे ते रक्तातून भराभर बाहेर टाकतात. रक्तातले प्रमाण साधारण अर्ध्या तासात निम्मे होते. म्हणून दर तीन-चार तासांनी सुई, मध्यरात्रीसुद्धा. तोंडाने द्यावे, तर जठरातले आम्ल बराचसा भाग नष्ट करते.

गळकी टाकी डोळ्यांसमोर आणा. गळती बंद होत नसेल, तर वरून बारीक धार सतत चालू ठेवावी लागते. १९४४ मध्ये अमेरिकी लष्करातील डॉक्टर मन्रो रोमान्स्की यांनी पेनिसिलिन शेंगदाण्याच्या तेलात आणि मधमाश्यांच्या मेणात मिसळले. स्नायूत साचलेल्या त्या गोळ्यातून औषध हळूहळू सुटे आणि दिवसाला एक इंजेक्शन पुरे. मात्र मिश्रण घट्ट, टोचण्यापूर्वी कोमट करावे लागे आणि दुखेही फार.

पुढचा मार्ग जास्त चलाखीचा होता. तेल-मेण काढून टाकायचे आणि पेनिसिलिनचा क्षारच असा बनवायचा, की तो पाण्यात मुश्किलीने विरघळेल. आधी प्रोकेन पेनिसिलिन आले. प्रोकेन मुळात बधिर करणारे औषध, त्यामुळे वेदनाही थोडी कमी. मग १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला बेंझाथिन पेनिसिलिन आले, ते आठवडेच्या आठवडे पुरू लागले. विरघळण्याचा वेग विद्राव्यतेवर अवलंबून असतो, हे नॉयस आणि व्हिटनी यांनी १८९७ मध्येच समीकरणात मांडले होते. आमच्या केमिकलच्या वर्गात ते समीकरण मुले परीक्षेपुरते पाठ करतात, याचे मला वाईट वाटते. जंतू मारणारा रेणू तोच राहिला होता, बदलला फक्त त्याच्या सुटण्याचा वेग.

तोंडाने घ्यायच्या पेनिसिलिनची वाट ऑस्ट्रियातल्या कुंडल गावी सापडली. तिथे जुन्या दारूभट्टीत पेनिसिलिन बनत असे. नको ते जंतू वाढू नयेत म्हणून टाकीत फिनॉक्सिएथेनॉल घालत. बुरशीने त्याचा वापर करून वेगळेच पेनिसिलिन तयार केले. ते आम्लात टिकते, हे ब्रांडल आणि मार्गराइटर यांनी ओळखले. त्यालाच आपण पेनिसिलिन व्ही म्हणतो.

मग बेंझाथिन इतिहासजमा झाले का? नाही. संधिवाताच्या तापाने ज्या मुलांच्या हृदयाच्या झडपा खराब होतात, त्यांना तो ताप पुन्हा येऊ नये म्हणून आजही दर तीन-चार आठवड्यांनी हेच इंजेक्शन द्यावे लागते, वर्षानुवर्षे. दाट द्रव, जाड सुई. मूल घाबरते, शाळा बुडते, घरचे एखादी तारीख चुकवतात आणि ताप परतू शकतो. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात सध्या मोठा डोस त्वचेखाली सावकाश सोडून पाहत आहेत. तो सुमारे तीन महिने पुरावा, अशी अपेक्षा आहे.